अजून एक पीळ नको: स्क्रू आणि टॉर्कबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर, म्हणजे त्याची गरमी ओढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर, लावताना स्क्रू मोजून आवळायचा, हाताला वाटेल तेवढा नाही. त्या एका वाक्यावर एवढे मेसेज आलेत की या वेळचं सगळं सदर स्क्रूलाच दिलंय. मला मनापासून आनंद झाला, कारण सोल्डरिंगवर बोलायला सगळे तयार असतात, सर्किटवर तर असतातच, पण स्क्रूबद्दल कोणी विचारत नाही, आणि माझ्या टेबलावर जळून आलेल्या मालात कितीतरी वेळा मूळ कारण स्क्रूच निघालाय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाना पेठेत मंडळांचे ॲम्प्लिफायर रिपेअर करतो. ५२०० आणि १९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या असलेला एक मोठा सेट आहे, दर वर्षी गणपतीत त्याच सेटच्या त्याच बाजूच्या चॅनलचे ट्रान्झिस्टर उडतात. माल ओरिजिनल टाकतो, मायका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकच्या मधला अभ्रकाचा पातळ तुकडा) नवीन, गरमी नेणारी पेस्ट भरपूर, स्क्रू बॅटरीच्या ड्रिलने फुल टाइट. पोरं म्हणतात ढिला राहत असेल, या वर्षी अजून टाइट करू. तुम्ही काय म्हणता?

उत्तर: भाऊ, या वर्षी अजून टाइट अजिबात करू नका. ढिला नाहीये तो, उलटं झालंय असं मला दिसतंय.

स्क्रू आवळतो म्हणजे आपण नेमकं काय करतो ते आधी बघू. स्क्रू फिरवला की तो ताणला जातो, रबर ताणतो तसाच, फक्त डोळ्याला दिसणार नाही इतका कमी, आणि तो ताणलेला स्क्रू ट्रान्झिस्टरला हीटसिंकवर दाबून धरतो. आपल्याला पाहिजे असतो तो दाब. टॉर्क, म्हणजे स्क्रूला दिलेला पीळ, हा त्या दाबापर्यंत पोचायचा फक्त रस्ता. ढोबळ हिशोब असा आहे की टॉर्कला स्क्रूच्या मीटरमधल्या व्यासाने भागायचं आणि मग परत ०.२ ने, हा घर्षणाचा आकडा, भागायचं, की दाब मिळतो. ३ मिलिमीटरच्या एम३ स्क्रूला ०.६ न्यूटन मीटर दिला तर दाब येतो साधारण १००० न्यूटन, म्हणजे शंभर किलो. सिमेंटच्या दोन गोण्या, स्क्रूच्या डोक्याखालच्या नखाएवढ्या जागेवर. आणि हे फक्त ०.६ ला, जे मनगटाच्या हलक्या पिळात होतं. तुमचं ड्रिल त्याच्या कुठल्या कुठे जातं, साध्या एम३ स्क्रूची मान दीड-दोन न्यूटन मीटरला तुटू शकते, तेव्हा तुटला नाही म्हणजे बरोबर बसला असं नसतं.

आता ट्रान्झिस्टर हातात घेऊन बघा. भोक वरच्या टोकाला आहे, आणि ज्या चिपमध्ये गरमी तयार होते ती भोकाखाली नाही, खाली काळ्या अंगाच्या आत आहे. म्हणजे दाब देतोय एका टोकाला आणि गरमी येतीये दुसऱ्या ठिकाणी. ठराविक मर्यादेपर्यंत मागचा पत्रा सपाट बसलेला राहतो, पण त्याच्या पुढे पीळ दिला की भोकापाशी पत्रा दबतो आणि खालचं टोक उचललं जातं, लाकडी फळीच्या एका टोकाला पाय दिला की दुसरं टोक वर येतं तसं. उचललं जातं म्हणजे केसाच्या जाडीएवढं सुद्धा नाही, पण तेवढं पुरतं. चिपच्या बरोबर खाली फट पडते, आणि तिथे तुमची भरपूर पेस्ट जाऊन बसते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय मस्त घट्ट बसलाय. टीओ-२२० नावाच्या आकारात येणाऱ्या पातळ पत्र्याच्या ट्रान्झिस्टरमध्ये हे जास्त होतं, तुमच्या ५२०० चं अंग मोठं आणि जाड आहे म्हणून थोडं कमी, पण होतं. शिवाय आत चिप सिलिकॉनची असते, काचेसारखी, पत्रा वाकला की तिला बारीक तडा जाऊ शकतो, आणि तो तडा टेस्टिंगला कळत नाही, मिरवणुकीत कळतो.

पेस्टबद्दल पण गैरसमज आहे म्हणून इथेच सांगते. पेस्ट काही फार चांगली गरमी नेत नाही. ॲल्युमिनियम तिच्यापेक्षा शंभर-दोनशे पट चांगलं नेतं. पण हवा इतकी वाईट आहे की पेस्ट हवेपेक्षा तीसेक पट किंवा जास्त बरी पडते, म्हणून जिथे हवा राहिली असती तेवढीच जागा पेस्टने भरायची असते. म्हणजे पातळ थर, ज्यातून खालचा मायका जरा दिसला पाहिजे. श्रीखंड लावल्यासारखी लावली तर उलट आपणच अडथळा घालतो.

या वर्षी काय करा सांगते. सेट उघडा, सप्लाय काढून मोठे कपॅसिटर डिस्चार्ज झालेत याची मीटरने खात्री करा, आणि जो चॅनल उडतो त्यातला एक ट्रान्झिस्टर स्क्रू काढून सरळ वर उचला, न घासता. मागे पेस्टचा ठसा उमटलेला असेल तो उजेडात बघा. ठसा सगळीकडे सारखा पातळ, राखाडी असेल तर ठीक. भोकापाशी जवळजवळ कोरडा आणि खाली चिपच्या जागी जाड पांढरा थर असेल तर पत्रा उचलला गेला होता, शंभर टक्के. असा ठसा एकदा बघितला की परत सांगावं लागत नाही.

मी भोसरीला असेंब्ली लाईनवर होते तेव्हा पहिल्यांदा बघितला होता. कंपनीचं नाव घेत नाही. पॉवर सप्लाय परत यायला लागले होते, एकाच महिन्यातले, सगळ्यांत एकच मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) गेलेला. आम्ही सगळ्या बायका लाईनवर, सोल्डरिंग तपासून तपासून डोळे गेले, काही सापडेना. शेवटी मी एका पीसचा स्क्रू काढला आणि ठसा बघितला, खालच्या अर्ध्यात पेस्ट होती तशी उभी होती, दबलीच नव्हती. मग शोध घेतला तर हवेवर चालणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरचा क्लच, म्हणजे ठरलेल्या पिळाला थांबवणारा भाग, कोणीतरी चढवून ठेवला होता, कारण आधीच्या महिन्यात दोन पीसचे स्क्रू ढिले सापडले होते. ढिले का होते ते कोणी बघितलं नाही. तेव्हापासून मी काहीही उडालेलं आलं की आधी स्क्रू काढून मागचा ठसा बघते, मीटर नंतर.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती गोष्ट म्हणजे दर वर्षी त्याच बाजूचा चॅनल. पीळ तर तुम्ही दोन्ही बाजूंना सारखाच देत असणार. म्हणजे त्या बाजूच्या हीटसिंकमध्येच काहीतरी आहे. सगळं काढून हीटसिंक पुसून घ्या आणि त्यावर स्टीलची पट्टी उभ्या कडेने ठेवून मागून उजेड सोडा, पट्टीखालून उजेड दिसला तर तिथे खड्डा किंवा बाक आहे. भोकाच्या कडेवरून बोट फिरवा, ड्रिल मारल्यावर राहिलेली कुसळं लागतात का बघा. ही कुसळं ट्रान्झिस्टरला एका बाजूने उचलून धरतात, आणि वर फुल टाइट केलं की मायका फोडून आरपार जातात. भोकापेक्षा मोठं ड्रिल बिट हातात धरून दोन वेढे फिरवलं की कड निघून जाते, मशीन लावायची गरज नाही.

मग लावताना पातळ पेस्ट, न तुटलेला मायका, पुन्हा पातळ पेस्ट, ट्रान्झिस्टर, साधा सपाट वायसर, आणि मिळाला तर त्यावर कपासारखा वाकलेला कोनिकल वायसर. चिरलेल्या स्प्रिंग वायसरपेक्षा मला तो जास्त भरवशाचा वाटतो, गरम-गार होताना दाब टिकवून धरतो. चपट्या तिरप्या डोक्याचा स्क्रू चालणार नाही, तो भोकाला फाकवतो. मी या आकाराच्या ट्रान्झिस्टरला एम३ स्क्रूने ०.६ ते ०.८ न्यूटन मीटरच्या मध्ये ठेवते. सगळं आवळून झालं की सप्लाय द्यायच्या आधी मीटर बझरवर लावून कलेक्टर आणि हीटसिंकच्या मध्ये आवाज येत नाही ना बघा, कारण या ट्रान्झिस्टरचा मागचा पत्रा म्हणजेच कलेक्टर.

आणि एक, पाय शेवटी सोल्डर करा. आधी सोल्डर करून मग स्क्रू आवळला तर ट्रान्झिस्टर सरकताना सगळा ताण पायांवर येतो. आपल्याकडे विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या वर चालते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सेट सतत हादरत असतो, तसा ताणलेला पाय तिथे टिकत नाही. फॅनची जाळी गुलालाने बंद झालेली असते ती मात्र दर वर्षी धुवा, तिथे स्क्रू कितीही बरोबर असला तरी उपयोग नाही.

प्रश्न: एकाच टीओ-२२० मॉसफेटला एका डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) १.१ न्यूटन मीटर लिहिलंय, दुसऱ्या कंपनीच्या तसल्याच पार्टला ०.६ च्या आसपास. एका जुन्या डेटाशीटमध्ये १० पाउंड इंच आहे आणि माझ्याकडे जो टॉर्क ड्रायव्हर आहे त्यावर किलो सेंटीमीटर. नक्की धरू काय? — वाचक, पिंपरी

उत्तर: १.१ आणि १० पाउंड इंच हे एकच आहेत, १ पाउंड इंच म्हणजे ०.११३ न्यूटन मीटर. तुमच्या ड्रायव्हरसाठी सोपं, न्यूटन मीटरला १० ने गुणा की जवळपास किलो सेंटीमीटर मिळतात. बरोबर आकडा १०.२ आहे पण एवढ्या फरकाने काही बिघडत नाही. म्हणजे ०.६ हवा तर ६ वर ठेवा.

आता कुठला धरायचा. डेटाशीटमध्ये तो आकडा ज्या टेबलात आहे त्या टेबलाचं नाव वाचा. १.१ वाले बहुतेक सगळे ॲब्सोल्यूट मॅक्झिममच्या टेबलात असतात, जिथे जास्तीत जास्त व्होल्टेज आणि करंट लिहिलेले असतात. शंभर व्होल्टच्या मॉसफेटला आपण शंभर व्होल्ट देतो का? नाही देत. मग टॉर्कच तेवढा का द्यायचा? ०.५ ते ०.८ मध्ये टीओ-२२० छान बसतो, गरमीचा अडथळा तोपर्यंत जेवढा कमी व्हायचा तेवढा झालेला असतो, पुढे पीळ वाढवला तरी फायदा जवळपास शून्य आणि धोका वाढत जातो. बीडी१३९ सारखा छोटा टीओ-१२६ असेल तर आणखी कमी, मी ०.४ च्या आसपास थांबते.

याच्यापेक्षा जास्त फरक तुम्ही मध्ये काय ठेवता याने पडतो. टीओ-२२० ला मायका पेस्टसकट असेल तर दर वॅटला ट्रान्झिस्टर हीटसिंकपेक्षा साधारण दीड डिग्री जास्त तापतो, तोच मायका कोरडा लावला तर तीनच्या वर. २० वॅट जळत असतील तर एकीकडे ३० डिग्रीचा फरक आणि दुसरीकडे ६० च्या वर. मे महिन्यात पुण्यात ४० डिग्री आधीच बाहेर असतात, बंद डब्यात अजून जास्त, आणि सिलिकॉनची मर्यादा बहुतेक वेळा १५० ला संपते. कोरड्या मायकावर स्क्रू पिळून ते भरून निघत नाही.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कात्रजला रूमवर राहतो. प्रोजेक्टसाठी मोटर ड्रायव्हर बनवतोय, चार मॉसफेट एका हीटसिंकवर. टॉर्क ड्रायव्हर ऑनलाइन बघितला पण बजेटच्या बाहेर आहे. त्याच्याशिवाय ०.६ कसं कळणार?

उत्तर: विचारलंस ते फार बरं केलंस, कारण तुझ्याकडे जे आहे त्यात हे जमतं. तुला लागणार आहे एक लाकडी पट्टी, सुतळी, पाण्याची बाटली आणि कोणाच्या तरी स्वयंपाकघरातला वजनकाटा.

टॉर्क म्हणजे वजन गुणिले अंतर. ६०० ग्रॅम वजन मध्यापासून १० सेंटीमीटरवर टांगलं की ६ किलो सेंटीमीटर झाले, म्हणजे ०.५९ न्यूटन मीटर. संपलं. तेवढंच तर पाहिजे.

वीस-बावीस सेंटीमीटरची पट्टी घे, बरोबर मधोमध भोक पाड आणि ते कानसीने असं वाढव की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीवर ती घट्ट बसेल, घसरणार नाही. मुठीला कडा असलेला ड्रायव्हर घे, गोल गुळगुळीत नको. मधोमधच का, तर पट्टीचं स्वतःचं वजन दोन्ही बाजूंना सारखं राहतं आणि हिशोबात येत नाही. मुठीच्या मध्यापासून उजवीकडे १० सेंटीमीटरवर पट्टीच्या वरच्या कडेला खाच कर, सुतळी तिथेच बसली पाहिजे. बाटली पाण्यासकट आणि सुतळीसकट ६०० ग्रॅम भर.

आता मुलं इथे चुकतात म्हणून नीट वाच. हीटसिंक टेबलावर आडवा ठेवून वरून ड्रायव्हर लावलास तर बाटली नुसतीच खाली लोंबेल, पीळ देणारच नाही. हीटसिंक उभा पकडायचा, व्हाइस असेल तर त्यात, नाहीतर दोन जाड पुस्तकांत दाबून मित्राला धरायला सांग, म्हणजे स्क्रू तुझ्या तोंडासमोर येईल आणि ड्रायव्हर आडवा राहील. आधी हाताने स्क्रू टेकेपर्यंत फिरव. मग पट्टी जमिनीला समांतर धरून बाटली उजव्या खाचेत अडकव आणि हळू सोड, झटक्याने सोडलीस तर झटक्याचा जोर वाढतो आणि सगळं खोटं ठरतं. पट्टी खाली गेली म्हणजे स्क्रू अजून फिरतोय. बाटली उचल, ड्रायव्हर काढून वेगळ्या खाचेत पट्टी परत आडवी येईल असा लाव, पुन्हा सोड. ज्या वेळी पट्टी आडवी राहून बाटली नुसती लटकते आणि स्क्रू हलत नाही, तिथे तुझा ०.६ आला.

पण मी तुला हे चारही मॉसफेट असे लावायला सांगत नाहीये, ते कटकटीचं आहे. एका भंगारातल्या मॉसफेटवर हे दहा वेळा कर, आणि प्रत्येक वेळी बाटली काढल्यावर तोच स्क्रू हाताने किंचित ढिला करून परत हाताने तिथपर्यंत आणून बघ, मग बाटली लावून तपास. दहाव्या वेळेपर्यंत तुझ्या मनगटाला कळायला लागेल. तुला आश्चर्य वाटेल की तो पीळ किती हलका असतो, आपण सवयीने त्याच्या दीडपट-दुप्पट देतो. ड्रायव्हर बदललास की परत एकदा कर, कारण जाड मुठीने तेवढ्याच जोरात जास्त टॉर्क जातो. आणि बिट स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारंच वापर, खाच घसरायला लागली की आपण जोराने दाबतो आणि तिथेच हाताचा अंदाज जातो.

अजून एक तुझ्या प्रोजेक्टचं. चार मॉसफेट एका हीटसिंकवर आहेत आणि चारही पत्रे आपापल्या ड्रेनच्या पायाला जोडलेले असतात, पूल सर्किट (ब्रिज) असेल तर वेगळे ठेवावे लागतील. मायका किंवा रबरासारखा सिलिकॉन पॅड आणि स्क्रूभोवती प्लास्टिकचं बुश लागेल. तपकीर गल्लीजवळच्या दुकानांत किंवा पासोड्या विठोबाच्या बाजूला विचारशील तर पॅड आणि बुशचा सेट मिळून जाईल. बुश प्लास्टिकचं आहे, गरमीत मऊ पडतं, त्यामुळे तिथे ०.५ वर थांब. सिलिकॉन पॅड लावलास तर पेस्ट नको, आणि तो पॅड एकदा दाबून बसला की काढून परत वापरू नको.

प्रश्न: आमच्याकडे चाकणला मोठ्या ड्राइव्हचं काम असतं. आयजीबीटी मॉड्युल (मोठा करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर असलेला ठोकळा) बदलल्यावर चार महिन्यांत परत गेलं. चारही स्क्रू टॉर्क रेंचने ५ न्यूटन मीटरला लावले होते, रेंच कॅलिब्रेटेड आहे. मग चूक कुठे?

उत्तर: आकडा बरोबर आहे. ६२ मिलिमीटर रुंदीच्या मॉड्युलला एम६ स्क्रू असतात आणि साधारण ३ ते ६ न्यूटन मीटरची रेंज दिलेली असते, ५ त्यात बसतो. तुम्ही क्रम लिहिला नाहीये, म्हणून मला शंका तिथे आहे.

पहिला स्क्रू एकदम ५ ला नेला, मग शेजारचा, मग तिसरा, असं केलं तर पहिल्या कोपऱ्यात मॉड्युल टेकतं आणि समोरचा कोपरा वर राहतो, पेस्ट त्या बाजूला अडकते. मॉड्युलच्या तळाची धातूची प्लेट मुद्दाम किंचित फुगीर बनवलेली असते, म्हणजे आधी मधला भाग टेकावा आणि पेस्ट आतून बाहेर पळावी. आपण एक कोपरा आधी दाबला की ते सगळं डिझाइन वाया. आत चिपखाली सिरॅमिक असतं, ते वाकत नाही, तडकतं. म्हणून आधी चारही स्क्रू बोटांनी, मग तिरपे समोरासमोरचे ०.५ ला, मग त्याच तिरप्या क्रमाने ५ पर्यंत. आणि मग सोडून जाऊ नका. पेस्ट घट्ट असते, तिला पसरायला वेळ लागतो, ती पसरली की तोच स्क्रू ढिला पडलेला असतो. चहा पिऊन या, अर्धा तास गेला तरी चालेल, आणि परत तिरप्या क्रमाने ५ ला फिरवून घ्या. बघा कितीतरी वेळा स्क्रू पाव फेरा सहज फिरतो.

बसबार, म्हणजे करंट नेणारी धातूची पट्टी, नंतर. आधी मॉड्युल हीटसिंकला पक्कं, मग वरचे टर्मिनल, त्यांचा टॉर्क वेगळा, डेटाशीटमध्ये वेगळ्या ओळीत असतो. बसबारचं भोक थोडं सरकलेलं असेल तर ओढून बसवू नका, कानस मारा, नाहीतर तो ताण कायम टर्मिनलवर राहतो. आणि वायसर बदलला किंवा बसबार पातळ झाला म्हणून जुना लांब स्क्रू तसाच घातला तर तो तळाला जाऊन टेकतो, रेंच क्लिक देतो, तुम्हाला वाटतं ५ आला, आणि प्रत्यक्षात बसबार सैलच असतो आणि खालचं प्लास्टिक फुटलेलं. लांबी मोजूनच घाला.

प्रश्न: स्क्रूला थोडं ऑइल लावलं तर सोपा जातो, चालेल का? आणि निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावतात ते)?

उत्तर: ऑइल नको. डेटाशीटचे आकडे बहुतेक कोरड्या स्क्रूचे असतात. ऑइलने घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच टॉर्कला दाब वाढतो, वरच्या हिशोबात ०.२ चं ०.१५ झालं तर १०० किलोचे १३० च्या वर गेले. थ्रेडलॉकर धातूच्या आट्यांत एखादा थेंब चालतो, पण एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटच्या डब्याला लागलं तर प्लास्टिकला भेगा पडतात.

प्रश्न: चार्जरचं बोर्ड दुरुस्त केलं, टेबलावर चाललं, डब्यात चार स्क्रूंनी बसवल्यावर शॉर्ट. काढलं तरी शॉर्टच. असं दोनदा झालं. — वाचक, हडपसर

उत्तर: स्क्रूच्या भोकाजवळ एखादा चौकोनी छोटा सिरॅमिक कपॅसिटर आहे का बघा, माझी खात्री आहे की असेल. डब्यातल्या चार खुंट्या एका पातळीत नसतील तर स्क्रू बोर्डाला वाकवून खाली ओढतो, बोर्ड वाकतं पण त्यावर सोल्डर केलेला सिरॅमिक वाकत नाही, त्याच्या टोकाशी आतून तिरपा तडा जातो आणि आतल्या पट्ट्या एकमेकींना टेकतात. वरून भिंगाने सुद्धा दिसत नाही. मीटरने शॉर्ट दाखवणाऱ्या लाईनवरचे कपॅसिटर एकेक उचलून बघा. नवीन बसवायच्या आधी बोर्ड न आवळता खुंट्यांवर नुसतं ठेवा, जिथे डुगडुगेल तिथे पातळ वायसर टाका, चारही स्क्रू अर्धवट लावून मग तिरप्या क्रमाने थोडे थोडे. प्लास्टिकच्या खुंटीत जुन्याच आट्यांत स्क्रू बसला पाहिजे, आधी उलटा फिरवा, टक् असं जाणवलं की मग सुलटा.

प्रश्न: ताई, कोथरूडला आमच्या सोसायटीत फ्लॅटच्या डीबीमधून, म्हणजे एमसीबीच्या डब्यातून, जळका वास आला. वायरमन आला, एमसीबीचा स्क्रू ढिला होता म्हणाला, जोरात आवळून गेला. सहा महिन्यांत परत तेच. माझे मिस्टर म्हणतात एमसीबीच खराब. मला तुमचं मत हवंय.

उत्तर: वहिनी, आधी हे, परत वास आला तर मेन बंद करा आणि डीबी उघडू नका, वायरमनला बोलवा, मेनच्या वरच्या बाजूला मेन बंद केल्यावरही करंट असतो.

आता कारण. तुम्ही त्याला एक गोष्ट विचारा, वायरच्या टोकाला सोल्डर लावलंय का. पुष्कळ जण बारीक तारांची वायर सुटी पडू नये म्हणून टोकाला सोल्डर पाजतात, दिसायला नीट दिसतं. पण सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतं, कोणी हात लावला नाही तरी स्क्रू ढिला होतो. मग तिथे गरमी, गरमीने अजून मऊ, अजून ढिलं. जोरात आवळून ते थांबत नाही, सहा महिने पुढे जातं फक्त. सोल्डर असलेलं टोक कापून टाकायला सांगा आणि योग्य मापाचं पिन थिंबल (वायरच्या टोकावर बसणारा धातूचा तुकडा) दाबून लावायला सांगा, वायरचं इन्सुलेशन जळून कडक झालं असेल तर तेवढा तुकडा पण काढायचा. टॉर्क बहुतेक एमसीबीच्या अंगावरच छापलेला असतो, घरगुती साइजला साधारण २ न्यूटन मीटरच्या आसपास. एमसीबीच्या ज्या टर्मिनलला काळं पडलंय तो एमसीबी मात्र बदलाच, त्यात तुमचे मिस्टर बरोबर आहेत, कारण एकदा तापलेल्या टर्मिनलची पकड पहिल्यासारखी राहत नाही. नवीन बसवल्यावर घरातला गिझर अर्धा तास चालू ठेवायला सांगा आणि त्याला तिथेच थांबवून घ्या. झाकण बंदच ठेवून एमसीबीच्या पुढच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून बघा, शेजारच्या एमसीबीपेक्षा खूप गरम लागला तर त्याला परत मेन बंद करून उघडायला लावा.